मनगट त्याचं, बोटं तिची

मी एक बारीक घड्याळ बोलतोय. जरा जवळ या, माझा आवाज लहान आहे. भिंतीवरच्या घड्याळासारखे टोले देणं मला जमत नाही आणि हल्लीच्या जाडजूड मनगटी घड्याळांसारखा खुळखुळाटही माझ्या पोटात होत नाही. शर्टाच्या बाहीखाली गेलो की मी कुणाला दिसतसुद्धा नाही, इतका पातळ. आणि हो, मला त्याचा गर्व आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ गावात झाला. तिथल्या कारखान्यात जाडीला शत्रू मानत. घड्याळाची चक्रं एकावर एक चढवून बसवली की काम सोपं होतं, पण उंची वाढते. म्हणून माझ्या कारागिरांनी ती शेजारी शेजारी बसवली, पंगतीला माणसं बसवावीत तशी. एकाचा दात दुसऱ्याला नको तिथे लागणार नाही, एवढीच जागा मध्ये सोडली. सेकंदकाटा मला दिलाच नाही, कारण तिसरा काटा म्हणजे आणखी एक मजला. तासाचा आणि मिनिटाचा, दोघांतच भागवा म्हणाले. भागतं.

आणि मला रोटर दिला नाही. रोटर म्हणजे अर्ध्या भाकरीच्या आकाराचं एक इवलं पण जड वजन. ऑटोमॅटिक घड्याळाच्या पाठीशी ते बसवलेलं असतं. माणसाचा हात हलला की ते गरगर फिरतं आणि घड्याळाला आपोआप चावी बसते. मोठी सोय आहे, नाही म्हणत नाही. पण त्या वजनाला फिरायला जागा लागते, त्याला धरून ठेवायला आणखी चार भाग लागतात, आणि बघता बघता घड्याळाचा डबा होतो.

माझ्यात ते काही नाही, म्हणून मी बारीक राहिलो. पण मग मला रोज कुणीतरी चावी द्यावी लागते. माझी अर्धी यंत्रणा माझ्या केसमध्ये आहे आणि अर्धी कुणाच्या तरी अंगठ्यात आणि तर्जनीत, असं समजा. ती बोटं मिळाली नाहीत तर मी नुसता चकचकीत पत्रा. जाड घड्याळांना माझ्यातलं हेच व्यंग वाटतं. मला मात्र आयुष्यात जे काही सुख मिळालं, ते त्या व्यंगामुळेच मिळालं.

सिंगापूरला मला आणलं तान नावाच्या एका गृहस्थांनी. जहाजाच्या कंपनीत ते साहेब होते. लग्नकार्यात मला काळ्या कोटाखाली बांधायचे, एरवी मखमलीच्या डबीत. पुढे बॅटरीची घड्याळं आली, मग मोबाइल आले, आणि मी डबीतच म्हातारा झालो. तानसाहेब गेल्यावर त्यांच्या मुलांनी मला हौगांगच्या एका दुकानात देऊन टाकलं. सरकारी फ्लॅटांच्या इमारतीखालचं ते छोटं दुकान. घड्याळांच्या बॅटऱ्या, पट्टे, कुलपाच्या किल्ल्या, सगळं तिथे मिळायचं.

काचेच्या कपाटात माझ्या भोवती सगळे जाडे बसलेले. गिऱ्हाईक यायचं ते त्यांच्यासाठी. सिंगापूरचा माणूस एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, ऑफिसला जातो, एअरकंडिशनमध्ये बसतो, एमआरटीने घरी येतो. तरी त्याला तीनशे मीटर खोल समुद्रात चालणारं घड्याळ हवं असतं. पोहायला उतरतो तो कॉन्डोच्या पूलमध्ये, आणि तेही घड्याळ काढून ठेवून. मी कोपऱ्यात पडून हे सगळं बघायचो आणि मनातल्या मनात हसायचो. दुसरं करणार काय?

एके दिवशी एक बाई काचेशी वाकली. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून कढीपत्ता डोकावत होता. बराच वेळ ती सगळ्या जाड्यांवरून नजर फिरवत राहिली आणि मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदार काका प्रामाणिक होते. म्हणाले, "धिस वन एव्हरी डे मस्ट वाइंड, यू नो. व्हेरी ट्रबलसम लाह."

ती हसली. "नो प्रॉब्लेम, अंकल. टाइम आय हॅव." पण हसता हसता तिचा चेहरा जरा उतरलाही. का उतरला ते मला पुढे कळलं.

तिचं नाव प्रियदर्शिनी. मूळची नागपूरची. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झालेली, तीही झाडांवर येणाऱ्या बुरशीवर. नवरा नागसेन आंग मो किओमधल्या एका कंपनीत प्रिसिजन इंजिनिअर. त्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, ती डिपेंडंट म्हणून इथे आलेली. डिपेंडंटला नोकरी करायची तर कुणीतरी कंपनीने तिच्यासाठी वेगळा पास काढावा लागतो. बुरशीचा अभ्यास करणाऱ्या बाईसाठी तो काढायला कुणी तयार होत नव्हतं. तेव्हा वेळ तिच्याकडे खरोखरच होता, नको इतका.

मला तिने घेतलं ते नवऱ्यासाठी. नागसेनचं मनगट माझ्यासारखंच, किरकोळ. जाड घड्याळ त्याच्या हातावर घालून बघितलं की दंडाला ताईत बांधल्यासारखं वाटायचं म्हणे. त्या संध्याकाळी त्याने मला हातात घेतलं आणि आधी काय करावं? बॅगेतून व्हर्नियर काढला आणि माझी जाडी मोजली!

"अगं प्रिया, सहा मिलिमीटर! काचेसकट सहा! म्हणजे आतलं मशीन किती असेल माहितीये? दोन-अडीच, बस!"

"आधी जेवून घे ना बाप्पा. ते कुठं जाऊन नाही राहिलं."

त्याच्या कंपनीत कागदाहून पातळ धातूच्या पट्ट्या कापतात. पातळपणा करायला किती कष्ट पडतात हे ओळखणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. खरं सांगतो, सुखावलो मी.

नागसेन रात्री मला काढून ठेवायचा तो हॉलमधल्या लाकडी फळीवर. तिथे बुद्धांची छोटी मूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. सकाळी प्रियदर्शिनी आंघोळ करून तिथे उभी राहायची आणि त्रिशरण-पंचशील म्हणायची. नागसेन तेव्हा मोजे शोधत घरभर फिरत असायचा. मला चावी द्यायची त्याला आठवणच राहायची नाही. मग एके दिवशी तिनेच वंदना म्हणता म्हणता मला उचललं आणि सावकाश चावी द्यायला सुरुवात केली. पाली शब्द संपत आले तशी चावी घट्ट होत आली. माझ्या स्प्रिंगने ‘आता पुरे’ म्हटलं आणि तिची बोटं थांबली. त्या दिवसापासून तो नेमच झाला.

तिच्या वडिलांना, दादारावांना, हे पटलं नव्हतं. पोस्टातून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस. एकदा सकाळीच व्हिडिओ कॉलवर त्यांनी पाहिलं.

"प्रियदर्शिनी, वंदनेच्या वेळेला हात जोडलेले असावेत, बाळा. हे काय करून राहिलीस?"

"बाबा, हात कामात आहेत. मन तिथेच आहे."

"हं," म्हणाले दादाराव. पीएच.डी. झालेल्या मुलीशी वाद घालायचं त्यांनी बहुधा सोडून दिलं होतं.

मग ती मला नागसेनच्या मनगटावर बांधायची. त्याच्या दोन्ही हातांत काही ना काही असायचं, एकात टोस्ट, दुसऱ्यात लॅपटॉपची बॅग. तो नुसता हात पुढे करायचा. दिवसभर मी त्याच्या बाहीखाली असायचो आणि माझ्यात जी ताकद असायची ती तिच्या बोटांची असायची. मनगट त्याचं, बोटं तिची. असं दोघांचं मिळून एक घड्याळ मी फार कमी पाहिलंय. बऱ्याच घड्याळांचा धनी एकच असतो.

या सुखाला एका फोनने ओहोटी लागली. नागपूरच्या एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली होती. कायमची, वनस्पतिशास्त्राची, अगदी तिच्यासाठीच काढल्यासारखी. दादारावांनीच कळवलं. तिने अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. ज्या दिवशी कळलं त्या संध्याकाळी ती नागसेनसमोर बसली.

"जाऊ का रे?"

"जायलाच पाहिजे," तो म्हणाला. क्षणाचाही विचार न करता.

मी तेव्हा त्याच्या मनगटावर होतो. माणसाची नाडी माझ्या पाठीला लागते, त्यामुळे त्याचा चेहरा काहीही सांगो, मला खरं काय ते कळतं. त्याची नाडी अशी धावत होती की मलाच धाप लागावी. पण चेहरा बघावा तर शांत. "माझी काळजी करू नकोस, मी करतो सगळं," असंही वर म्हणाला. ती आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून जरा थांबली, मग उठून आत गेली.

त्याच्या या गप्प बसण्याला कारण होतं. त्याच्या आईला, शांताबाईंना, चौथीत शाळा सोडावी लागली होती. हुशार बाई, पण घरच्यांनी पुढे जाऊ दिलं नाही. बायकोच्या शिक्षणाच्या आड येणारा नवरा आपण कधी व्हायचं नाही, हे नागसेनने फार आधी मनाशी ठरवून ठेवलं होतं. विचार सोन्यासारखा. पण त्यापायी त्याला वाटायला लागलं, की ‘तुझ्याशिवाय मला करमणार नाही’ एवढं म्हणणंसुद्धा तिच्या वाटेत दगड टाकण्यासारखं आहे.

ती गेली. त्यानंतर मला चावी द्यायचं काम त्याच्याकडे आलं.

आता इथे गंमत बघा, किंवा माझं दुर्दैव म्हणा. हा माणूस दिवसभर पातळ धातूच्या संगतीत राहणारा. जरा ताण जास्त झाला की पट्टी कशी कडकन तुटते, हे त्याने हजार वेळा पाहिलेलं. माझी स्प्रिंग त्याच पट्ट्यांच्या जातीची. म्हणून तो मला चार-पाच वेळा फिरवायचा आणि घाबरून थांबायचा. अहो, माझी भूक किती, तुम्ही वाढता किती! सकाळी निघायचो तेव्हा ठीक असायचो. दुपारी आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, तो नूडल्स खायला बसला की माझे पाय लटपटायला लागायचे, आणि ऑफिस सुटायच्या आत मी गप्प. तो मनगट झटकायचा, कानाशी धरायचा. ‘जुनं झालं बिचारं’ म्हणायचा. बिचारं! एकदा घट्ट लागेपर्यंत चावी द्या ना, मी ओरडून सांगत होतो. पण मला तोंड कुठे आहे?

नागपूरला फोन करून एक वाक्य विचारलं असतं तर काम झालं असतं. ते त्याने विचारलं नाही. तिला कशाला त्रास, म्हणून.

मग एका शनिवारी तो सेरंगूनच्या मॉलमध्ये गेला आणि ऑटोमॅटिक घेऊन आला. चांगलं मनगट झाकून टाकणारं, जाडजूड, पाठीला काच लावलेलं, म्हणजे आतला रोटर लोकांना दिसावा. मी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं. हात हलला की भाऊसाहेबांच्या पोटात घर्र घर्र व्हायचं. दाराच्या चौकटीवर आपटायचे, बाहीत मावायचे नाहीत. नागसेनला त्या हाताच्या कफचं बटण उघडं ठेवावं लागायचं. पण चालायचे मात्र. कुणाचं काही लागायचं नाही त्यांना.

"आपलं काय," मला एकदा म्हणाले, "हात हलला की झालं. कुणाची वाट बघत बसावं लागत नाही."

मी काय बोलणार? मला त्याच दिवशी टीव्हीखालच्या खणात ठेवलं होतं, रिमोटच्या जुन्या सेलांच्या सोबतीला.

खणात दिसत काही नाही, पण ऐकू येतं. रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल व्हायचा.

"जेवलास?"

"हो. तू?"

"हो. काय केलं होतंस?"

"वरण-भात. वांग्याची भाजी."

खोटं! वांगं त्या घरात कित्येक महिने आलं नव्हतं. हॉकर सेंटरमधून आणलेल्या डब्याचं झाकण मी स्वतः ऐकलं होतं.

"विद्यार्थी कसे आहेत?"

"छान आहेत. पाऊस?"

"इथं काय, रोजचाच."

आणि मग कुणीच काही बोलायचं नाही. दोघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत बसत असावेत. शेवटी कुणीतरी ‘बरं, ठेवू?’ म्हणायचं. मी अंधारात पडून म्हणायचो, अरे बोला! तुमच्यापैकी एकाने तरी बोला! मला आठवण यायची ती तिच्या बोटांची. त्यांच्यावर हळदीचा पिवळा डाग असायचा, आणि चावी देताना तर्जनीचं नख माझ्या कडेला हळूच लागायचं. ते लागणंसुद्धा मला हवंहवंसं वाटायचं. काटे तबकडीवर एकाच जागी अडकलेले, आणि मनात सतत ती सकाळ.

भाऊसाहेबांचंही पुढे हसं झालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नागसेन शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा, त्यांना काढून टेबलावर टाकायचा आणि सोमवारपर्यंत सोफ्यावरून उठायचाच नाही. कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. मराठी मंडळाच्या मित्रांचे फोन यायचे, हा ‘बघतो’ म्हणायचा. सोमवारी उचलून बघावं तर स्वावलंबी भाऊसाहेब बंद! पहिल्यांदा झालं तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र हसू आलं नाही. ज्या माणसाच्या मनगटावर ऑटोमॅटिकसुद्धा बंद पडतं, त्याचं काही खरं नाही, हे मलाही कळत होतं.

अशी दोन वर्षं गेली. परवाच्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, प्रियदर्शिनी आली. मधल्या काळात तो एकदा नागपूरला जाऊन आला होता, पण ती गेल्यानंतर इथे पहिल्यांदाच आली. नागसेनने दोन दिवस घर घासलं. खरी वांगी आणली. वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, सुट्टीला दोघं विहारात जाऊन आले. आवाज ऐकून मला वाटलं, आता सगळं नीट होणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या मॅनेजरचा फोन आला. नागसेनचे हात पिठात होते, म्हणून त्याने तो स्पीकरवर घेतला.

"नाग, युवर पास एक्स्पायरिंग सून. टू मोर इयर्स, राइट? आय टेल एचआर यस, ओके?"

"यस, यस. ओके," नागसेन म्हणाला.

शेजारी भेंडी चिरत असलेली सुरी थांबली. मला स्पष्ट ऐकू आलं, ती थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात. आणखी दोन वर्षं! तिला न विचारता, तिच्याकडे न बघता, पीठ मळता मळता त्याने दोन वर्षं देऊन टाकली.

सकाळी ती वंदनेला उभी राहिली. शब्द सुरू झाले आणि मध्येच थांबले. तिचा हात सवयीने फळीवर गेला असणार आणि तिथे काही लागलं नसणार.

"नागसेन, घड्याळ कुठंय?"

"हे काय, हातात आहे."

"हे नाही. आपलं."

खण उघडला. किती दिवसांनी उजेड! तिने मला पदराने पुसलं आणि फळीपाशी नेऊन चावी द्यायला लागली. ती बोटं, तोच वेग. वंदना तिने पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. माझ्या अंगात एकेक चक्र जागं होत गेलं आणि मी चालायला लागलो. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला सांगता येत नाही. रडता येत असतं तर रडलो असतो, एवढंच.

"चालतंय की हे," ती म्हणाली.

"सकाळी चालतं. दुपारी बंद पडतं. मी रोज द्यायचो ना चावी, तरी बंद."

"किती द्यायचास?"

"चार-पाच वेळा फिरवायचो. जास्त दिली असती तर तुटली असती, प्रिया. इतकी पातळ स्प्रिंग असते ती. आमच्याकडे तसल्या पट्ट्या मी रोज तुटताना बघतो."

"मी तर घट्ट लागेपर्यंत द्यायचे. रोज."

"मला काय माहीत? तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस." ती एकदम वळली. "दोन वर्षं झाली. दर रविवारी भाजी कोणती ते सांगतोस. विद्यार्थी कसे आहेत विचारतोस. बाकीचं कधी विचारणार आहेस? मी तिथे वाट पाहून राहिले होते रे. वाटायचं, आज म्हणेल, ये. नाहीतर म्हणेल, मी येतो. काहीतरी म्हणेल!"

"तुझ्यावर ताण नको म्हणून..."

"मी काय तुमच्या कंपनीतली पट्टी आहे का, तुटायला?"

नागसेन फळीपाशी उभा राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "मी ये म्हटलं तर तू नोकरी सोडून येशील, याची भीती वाटायची. आईच्या डोळ्यांत मी ते पाहिलंय, शाळा सुटल्याचं. तुझ्या डोळ्यांत मला ते बघायचं नव्हतं." आणि जरा थांबून, "पण मला इथं करमत नाही, प्रिया. अजिबात करमत नाही. वांग्याची भाजी मी एकदाही केली नाही."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. आवाज दोन्हींचा होता.

"मग काल त्याला यस यस काय म्हणून राहिला होतास?"

त्याने नुसता हात पुढे केला. तिने भाऊसाहेबांना उतरवलं, मला बांधलं आणि कफचं बटण लावून दिलं.

त्या दिवशी ऑफिसात तो दोनदा मॅनेजरच्या टेबलापर्यंत गेला. नाडी धावत होती. दोन्ही वेळा चहाबद्दल काहीतरी बोलून परत आला. पुढचे दिवसही तसेच गेले. सकाळी ती मला पोटभर चावी द्यायची, दिवसभर मी त्याच्या मनगटावर वाट बघायचो, आणि संध्याकाळी ती विचारायची, "सांगितलंस?" तो म्हणायचा, "उद्या." मोजून मापून पाऊल टाकायची सवय अशी एका दिवसात जात नाही. आणि बारा वर्षांची नोकरी सोडणंही सोपं नाही, हे तिला कळत होतं. म्हणून ती चिडायची नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

आज तिची सुट्टी संपली. दुपारी दोघं चांगी विमानतळावर आले. बॅगा देऊन झाल्या, कॉफी पिऊन झाली, आणि आत जायच्या काचेच्या दारापाशी दोघं उभे राहिले. आजूबाजूला सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते.

"सोमवारी सांगतो त्याला," नागसेन म्हणाला. "पास वाढवू नका म्हणून. इकडचं आवरायला दोन-तीन महिने लागतील. मग येतो. नागपुरात काहीतरी बघेन. नाही मिळालं तर शिकवेन कुठेतरी."

"नक्की?"

"नक्की."

"‘उद्या’वालं नक्की की खरं नक्की?"

तिने त्याचा हात हातात घेतला, कफचं बटण काढलं आणि माझा पट्टा सोडला.

"अगं, माझं घड्याळ..."

"तुझंच आहे. मनगट घेऊन ये, बांधून देते."

एवढं बोलून ती आत गेली. तिने वळून पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण तिने मला मुठीत घट्ट धरलं होतं आणि तिच्या मुठीत अंधार होता. तो मात्र काचेपलीकडे बराच वेळ उभा असणार. त्याला मी ओळखतो.

आत्ता ती विमानाच्या गेटपाशी खुर्चीवर बसली आहे. मघाशी तिने मला स्वतःच्या हातावर घालून पाहिलं. घसरून कोपराकडे जायला लागलो. मग तिने मला उतरवून तळहातावर घेतलं, चावी बाहेर ओढली आणि माझे काटे अडीच तास मागे नेले. विमान अजून सिंगापूरच्या जमिनीवर आहे, काचेबाहेर इथलं ऊन आहे, आणि बाईंनी मला नागपूरच्या वेळेवर लावूनही टाकलं. तिचा त्याच्यावर विश्वास आहे. माझा? मी दोन वर्षं खणात काढली आहेत. मला धाकधूक आहे.

भाऊसाहेब, तुम्हाला मी फार नावं ठेवली. राग धरू नका. आजपासून त्या मनगटावर तुम्ही आहात आणि मी नाही. सोमवारी तो मॅनेजरच्या टेबलाशी जाईल तेव्हा त्याची नाडी धावायला लागेल. त्या वेळी तो मागे फिरायला लागला, तर तुमचं सगळं वजन एकवटून त्याचा हात तिथेच दाबून धरा. एवढ्यासाठी तरी तुमची जाडी उपयोगाला येऊ दे.

आणि नागसेन, तुला काय सांगू? मी बंद पडणार नाही, ती काळजी सोड. रोज सकाळी बोटं आहेत, घट्ट लागेपर्यंत चावी आहे. पण फळीवर नुसता पडून मी चालत राहिलो तर ते कुणासाठी? माझ्या पट्ट्यात तुझ्या मापाचं भोक वापरून वापरून रुंद झालंय, तिथे दुसऱ्या कुणाचा हात बसत नाही. ये रे. लवकर ये.